मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी?

आमच्या आजीचें लग्न १९०४ सालीं झालें, तेव्हां ती नऊ वर्षांची होती. चौदाव्या वर्षीं तिला पहिलें मूल झालें. तें सव्वा महिन्याचें होऊन गेलें. दुसरें बारशाच्या आधींच गेलें. तिसरें अपत्य म्हणजे आमचे वडील. पुढें आम्ही मोठे झाल्यावर ती हें सारें सांगे, तें शेजारच्या कोणा बाईची हकीकत सांगावी अशा सहज आवाजांत. "तेव्हां असंच असायचं" एवढेंच तिचें त्यावर भाष्य. घरांत कोणी दुष्ट नव्हतें. सासू मायाळू होती, सासरे संस्कृतांत व्युत्पन्न होते. परंतु नऊ वर्षांच्या मुलीचें लग्न न केल्यास तिचें पुढें करावयाचें काय, ह्या प्रश्नाला त्या घरापाशीं उत्तर नव्हतें, आणि म्हणून तो प्रश्न कोणीं कधीं विचारलाही नाहीं.

आज आमच्या वाचकांच्या घरीं स्थिति अगदीं उलट आहे. मुलगी एकोणतीस वर्षांची झाली, नोकरी उत्तम आहे, स्वयंपाकही येतो, पण लग्नाचें नांव काढीत नाहीं, ही तक्रार ऐकल्यावांचून आमचा एक आठवडा जात नाहीं. तीन-चार पिढ्यांत नऊपासून एकोणतिसापर्यंत मजल! ती आपण कशी मारली हें मात्र आपण विसरून गेलों आहों. आणि ज्यांना ती अद्याप मारावयाची आहे, त्यांना आपण उपदेश तेवढा करतों. आम्हीं स्वतः तेंच केलें. तीच गोष्ट प्रथम सांगतों.

आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई बीड जिल्ह्यांतील. पुण्यास येण्यापूर्वीं त्या व त्यांचे यजमान दरसाल ऊसतोडीस जात असत. धाकटी मुलगी त्यांच्याबरोबर पुण्यास असे, थोरली गांवीं आजीपाशीं. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या तेव्हां थोरली नववींत होती. त्या हिंवाळ्यांत एके दिवशीं बाईंनीं आमच्या सौभाग्यवतींना सांगितलें कीं, पोरीचें जमलें आहे, फाल्गुनांत उरकून घेणार. मुलीस नुकतीं पंधरा पुरीं झालीं होतीं. आम्हीं हातांतलें वर्तमानपत्र बाजूला ठेविलें आणि २००६ च्या कायद्यांतील तरतुदी, दंड, कैद, सारें कांहीं त्यांना सविस्तर ऐकविलें. लहान वयांत मूल झाल्यास आईच्या जिवाला काय धोका असतो तेंही सांगितलें. बाई पदरानें हात पुशीत शांतपणें ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"काका, कायदा खराय. पन आमी दोघं इकडं. सासूला डोळ्यानं दिसत न्हाई. साळा बंद. पोरगी दिसभर घरात एकली. उद्या काई इपरीत झालं तर कायदा येतो का राखायला? तुमीच सांगा, पोर कुनाच्या भरवशावर ठेवू?"

आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं. सांगण्यासारखें कांहीं आमच्यापाशीं नव्हतें. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा टेलिफोन क्रमांक आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तो आम्हीं फिरविला नाहीं, ही गोष्ट दडवून हा लेख लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फाल्गुनांत लग्न झालें. सतराव्या वर्षीं त्या मुलीला मूल झालें. तिच्या अंगांत रक्त कमी होतें, मूल दोन किलोंच्या आंतलें. तीन आठवडे तें रुग्णालयांत कांचेच्या पेटींत होतें. दोघें वांचलीं. आमच्या आजीच्या वेळीं तीं वांचलीं नसतीं, इतकाच शंभर वर्षांतला फरक.

ही एका घरची कथा असती तर ती मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ या फेरींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारे २२ जणींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. परभणी जिल्ह्यांत हेंच प्रमाण शेंकडा ४८ आणि बीडमध्यें ४४ च्या जवळपास होतें. पंधरा ते एकोणीस या वयाच्या दर हजार मुलींत सुमारे ७६ मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. अशा वयांत मुलीच्या स्वतःच्या शरीराचीच वाढ पुरी झालेली नसते. पोटांतलें मूल आणि ती स्वतः एकाच ताटांतलें अन्न वांटून घेतात, आणि तें ताटही बहुधा सर्वांच्या शेवटीं वाढलेलें असतें.

बीड-परभणीकडेच हें प्रमाण इतकें कां, याचें एक कारण ऊसतोडीच्या व्यवहारांत सांपडतें. त्या व्यवहारांत 'कोयता' म्हणजे नुसतें हत्यार नव्हे, जोडपें. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वीं मुकादम जी उचल देतो ती या हिशेबानें देतो. दसरा-दिवाळीच्या आगेंमागें टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात, आणि उन्हाळा तोंडावर आला म्हणजे माणसें परततात. त्या पांचसहा महिन्यांत वयांत आलेल्या मुलीला गांवीं ठेवावें तर राखण कोणाची, आणि बरोबर न्यावें तर पाचटाच्या कोपीला कडी नाहीं. लग्न करून दिलें म्हणजे सासरीं एक पुरा कोयता तयार होतो व आईबापांच्या जिवाचा घोर कमी होतो. आपल्या चहांतील साखर या हिशेबावर तयार होते, हें अशा आईबापांस 'अडाणी' म्हणण्यापूर्वीं एकदां मनांत आणावें.

कायदा निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हां आमच्याच पुण्यांत केवढें रण माजलें होतें! १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलींस चौदा व मुलग्यांस अठरा ही मर्यादा घातली. १९४९ सालीं मुलींची मर्यादा पंधरा झाली, १९७८ सालीं अठरा व एकवीस. परंतु आमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचें लग्न सोळाव्या वर्षीं झालें तें १९२१ सालीं, म्हणजे शारदा कायद्याच्या आठ वर्षें आधीं. ती तोंवर कशी थांबली? ती शाळेंत जात होती म्हणून थांबली, दुसरें कांहीं नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा निघाली, आणि तेव्हांपासून हळूहळू कांहीं घरांतून 'मुलीचें करावयाचें काय' या प्रश्नाला 'ती शिकते आहे' असें उत्तर देण्याची सोय झाली. 'ती शिकते आहे' या तीन शब्दांत केवढें बळ आहे, हें शेजाऱ्यांच्या चौकशीला ज्यानें तोंड दिलें आहे त्यालाच समजेल.

या संबंधांत कर्वे घराण्यांतील दोन पुरुषांची आठवण होते. अण्णासाहेब कर्वे यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९०७ सालीं अविवाहित मुलींकरितां महिला विद्यालय काढलें, १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचा दवाखाना उघडला आणि १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. पित्यास भारतरत्न मिळालें. पुत्रास कोर्टांत खेचलें व दंड झाला. पित्याच्या संस्थेस आपल्या आज्यांनीं वर्गण्या दिल्या, पुत्राचें मासिक आपले आजोबा पाटाखालीं लपवून वाचीत. वस्तुतः दोघांचें काम एकच होतें. मुलीपुढें आयुष्याचा कांहीं बेत असला, पण स्वतःच्या शरीराचें ज्ञान नसलें, तर तो बेत एका चुकीनें मोडतो. उलट ज्ञान असलें आणि बेत कांहींच नसला, तर त्या ज्ञानाचा उपयोग करण्याचें कारणच तिला उरत नाहीं. हल्लींच्या काळांत जेथें जेथें कोवळ्या वयांतील मातृत्व टाळण्याचे प्रयत्न सफल झाले, तेथें शाळा व दवाखाना एकाच छपराखालीं आले, असें आम्हांस दिसून आलें. त्यांतील एक उदाहरण आपल्या मराठवाड्यांतलेंच आहे.

औरंगाबादहून (आतांच्या छत्रपति संभाजीनगराहून) बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पैठण तालुक्यांत पाचोड म्हणून मोसंबीच्या बाजाराचें गांव आहे. तेथें डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखालीं इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही आरोग्यसंस्था काम करते. या संस्थेनें गेल्या शतकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांतील बारा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींसाठीं एक वर्ग सुरू केला. शाळा सुटलेल्या व मजुरीस जाणाऱ्या मुली मुख्यतः डोळ्यांपुढें होत्या. वर्ग संध्याकाळीं, रोज एक तास, आठवड्याचे पांच दिवस, वर्षभर. एकूण सुमारे सव्वादोनशें तास. मुलींस दिवसा शेतांत जावें लागतें, म्हणून संध्याकाळ. शिकविणारी बाई बाहेरची नव्हे, त्याच गांवांतली, किमान सातवी शिकलेली, संस्थेनें तयार केलेली. विषय पाहिले तर त्यांत 'लग्न करूं नका' असा धडा नाहीं. ग्रामपंचायत म्हणजे काय, बँकेंत व टपालांत व्यवहार कसा करावा, आहार कसा असावा, लहान मुलाला जुलाब लागले तर काय करावें, पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, मनांतली गोष्ट वडिलांपुढें कशी बोलावी, अशा गोष्टी.

आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, अभ्यासक्रम ठरवितांनाच आईबापांस बरोबर घेतलें होतें, आणि पुढेंही त्यांच्या सभा होत असत. आपल्या मुलीस काय शिकवितात हें त्यांना ठाऊक होतें. कित्येक विषय त्यांनींच मागून घेतलेले होते. आमच्या बाईंनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. मुलगी रोज सहा वाजतां कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या नजरेखालीं, काय करीत आहे हें गांवाला माहीत असतें. ती 'रिकामी' नसते. जी भीति मुलीला लग्नाकडे ढकलते, त्या भीतीचाच पाया त्यामुळें खचतो.

परिणाम काय झाला? १९९७ सालीं त्या गांवांतील मुलींच्या लग्नांपैकीं शेंकडा सुमारे ८१ अठराच्या आंतलीं होतीं. २००१ सालीं तें प्रमाण सुमारे ६२ वर आलें. लग्नाचें मध्यम वय सोळावरून सतरावर गेलें. तुलनेसाठीं पाहिलेल्या, वर्ग नसलेल्या गांवांत तसा बदल झाला नाहीं. एका वर्षाचा फरक तो काय, असें कोणी म्हणेल. सतरा म्हणजे अजून अठरा नव्हेत, हेंही खरें. परंतु सारें आयुष्य ज्यांत ठरतें त्या वयांतलें एक वर्ष आहे तें, आणि तेंही चार वर्षांच्या आंत, कोणास तुरुंगांत न घालतां मिळालेलें. आमच्या समाजांत नवाचे दहा होण्यास याहून कितीतरी अधिक काळ लागला होता.

ज्या मुलींचीं लग्नें होऊन गेलेलीं होतीं त्यांनाही या संस्थेनें वाऱ्यावर सोडलें नाहीं, हें विशेष. अशा कोवळ्या सुनांच्या घरीं आरोग्यसेविका दरमहा जात, पहिलें मूल लांबणीवर टाकण्याचीं साधनें समजावीत, दुखणीं विचारीत. लग्न झालें म्हणजे आपला विषय संपला, असें मानणाऱ्या सुधारकांनीं (त्यांत आम्हीही आलों) हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

येथें कोणी म्हणतील कीं एवढा खटाटोप कशाला, मुलींना लहान वयांतील बाळंतपणाची चांगली दहशत घातली म्हणजे झालें. हा विचार अगदीं स्वाभाविक आहे, आणि तो करून पाहण्यांत आलेला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरांतल्या शाळांतून तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींच्या स्वाधीन यंत्राची बाहुली करीत. बाहुली खऱ्या मुलासारखी रात्रीं-अपरात्रीं रडे, दूध मागे, कपडे बदलावयास लावी; मुलीनें हेळसांड केली तर त्याची नोंद यंत्रांत होई. मूल सांभाळणें किती जड आहे हें कळलें म्हणजे मुली आपोआप सावध होतील, असा हेतु. सत्तावन शाळांतील मुलींचा वीस वर्षें वयापर्यंत माग ठेवला, आणि २०१६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत निकाल छापला, तो असा: बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकीं शेंकडा सुमारे १७ जणींना वीस वर्षांच्या आंत गर्भ राहिला, बाहुली न मिळालेल्यांपैकीं सुमारे ११ जणींना. दहशतीचा उपाय उलटला! असें कां झालें याविषयीं विद्वानांत तर्क चालतात. आमच्या सौभाग्यवतींना मात्र यांत मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. "बाहुली हातांत दिली कीं सगळे कौतुक करणारच," असें त्या म्हणाल्या. ज्या मुलीचें दुसऱ्या कशासाठीं कधीं कौतुक झालें नाहीं, तिला हें कौतुक लहान नसतें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण न्यूयॉर्कचें आहे, आणि तें पाचोडशीं इतकें जुळतें कीं त्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. त्या शहराच्या हार्लेम भागांत गरीब, बहुतांशीं कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती. तेथें लग्न हा प्रश्न नव्हता. लग्नावांचूनच पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आई होत. १८५३ सालीं स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटी या संस्थेच्या आश्रयानें डॉ. मायकेल कॅरेरा यांनीं १९८४ सालीं तेथें एक उपक्रम सुरू केला. दहा-बारा वर्षांचीं मुलें-मुली घ्यावयाचीं आणि शाळा पुरी होईपर्यंत त्यांस सोडावयाचें नाहीं. रोज शाळा सुटल्यावर अभ्यास. कामधंद्याची ओळख, थोडी कमाई, आणि प्रत्येकाचें बँकेंत खातें. चित्र, नाट्य, संगीत. एकट्यानें खेळावयाचे व जन्मभर पुरणारे खेळ. शरीराचें व स्त्री-पुरुषसंबंधांचें शिक्षण. आणि डॉक्टर, दंतवैद्यसुद्धां. दांतांचा आणि गर्भाचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध इतकाच कीं, ज्या मुलीचे किडलेले दांत कोणीं तरी आस्थेनें दुरुस्त केले, तिला आपल्या देहाची किंमत कळूं लागते. न्यूयॉर्कमध्यें चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची तीन वर्षें तपासणी झाली व २००२ सालीं ती प्रसिद्ध झाली. उपक्रमांतील मुलींमध्यें गर्भधारणेचें प्रमाण बाहेरच्या मुलींपेक्षां पुष्कळच कमी आढळलें.

मुलग्यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाहीं. ही गोष्ट अशा उपक्रमांचे भक्त हळूच वगळतात, म्हणून आम्ही ती मुद्दाम लिहितों. मुलीला शहाणें करणें त्या मानानें सोपें दिसतें. मुलग्याच्या डोक्यांत हा आपलाही प्रश्न आहे हें शिरणें अवघड. आपल्याकडेही एकोणीस-वीस वर्षांच्या मुलग्याचें लग्न लावून त्याला कोयत्याला जुंपतात; त्याला कोणी विचारीत नाहीं कीं बाबा, तुला पुढें काय व्हावयाचें आहे? त्याच्या बायकोचें पहिलें मूल वर्षाच्या आंत होतें तें पुष्कळदां त्याच्या इच्छेनेंही नव्हे, तर त्याच्या आईच्या व गल्लींतल्या मित्रांच्या तोंडाला भिऊन. त्याला एकट्याला बाजूला घेऊन बोलणारा कोणी वडील माणूस भेटत नाहीं.

आतां आपल्या घरांकडे. आपल्या मुलींना पुढचा बेत असतो; कधीं कधीं तो त्यांच्यापेक्षां आपणच अधिक आंखलेला असतो. म्हणजे अण्णासाहेबांचें काम आपल्याकडे पुरें झालें. रघुनाथरावांचें काय? आमची नात बारा वर्षांची असतांना एकदां जेवतांना म्हणाली, "आज शाळेत मुलींना वेगळ्या वर्गात नेऊन पाळीचं सांगितलं. मुलांना का नाही सांगितलं?" तिच्या वडिलांनीं आमटी मागितली. आमटी वाढली गेली, आणि प्रश्न तेथेंच राहिला. २००७ सालीं आपल्या राज्यांत शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळें थांबवावा लागला. त्या विरोधांत सुशिक्षितांचे आवाज कमी नव्हते. असें शिक्षण दिल्यानें मुलें अकालीं बिघडतात ही समजूत 'युनेस्को'नें जगभरचे अभ्यास तपासून खोडून काढलेली आहे. पण आपल्याला खरी भीति मुलें बिघडण्याची नसते, आपल्याला स्वतःला तोंड उघडावें लागेल याची असते. मुलें दूरध्वनियंत्राच्या पडद्यावर काय पाहतात तें ठाऊक असूनही आपण आमटीच मागत राहतों.

आमच्या बाईंची धाकटी मुलगी आतां चौदाव्या वर्षांत आहे. ती पुण्यांतच महापालिकेच्या शाळेंत नववींत शिकते. गेल्या दिवाळीनंतर बाई एकदां सहज म्हणाल्या कीं, हिच्यासाठींही मामाकडून विचारणा झाली आहे. या वेळीं आम्हीं कायदा काढला नाहीं. सौभाग्यवतींनीं विचारलें, "संध्याकाळी तुम्ही कामावर असता तेव्हा ती कुठं असते?" खोलीवर एकटी असते, असें उत्तर आलें. "मग इथं पाठवा."

तेव्हांपासून ती रोज सहा वाजतां येते. एक तास गणित आमच्याकडे. तें तिला फारसें आवडत नाहीं, आणि आमच्या शिकविण्यांतही दोष असावा. शुक्रवारीं गणिताला सुटी. त्या दिवशीं आंतल्या खोलींत सौभाग्यवती तिच्याशीं काय बोलतात तें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्ही त्या वेळीं फिरावयास जातों. सामान्य रुग्णालयाच्या पलंगावर तीन आठवडे बसलेली थोरली बहीण कधीं माहेरीं आली म्हणजे मूल कडेवर घेऊन तीही येते आणि दाराशीं बसून ऐकते. मागच्या खेपेस तिनें बाहेरून दहावीस बसण्यासाठीं भरावयाच्या सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. फॉर्म आम्हीं आणून ठेविला आहे. तिच्या नवऱ्याशीं बोलणें अद्याप व्हावयाचें आहे, आणि तें आम्हींच करावें असें घरांतून ठरलें आहे.

धाकटीला परिचारिका व्हावयाचें मनांत आहे. आठ दिवसांपूर्वीं भांडीं घासतां घासतां बाईंनीं विचारलें, "काकू, बारावीच्या म्होरं नर्सचं किती वर्साचं असतं?"

तीन वर्षांचें, असें सौभाग्यवतींनीं सांगितलें. बाईंनीं राखेचा हात तसाच धरून बोटांवर मोजलें. "म्हंजी इकविसावं लागंल," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या भांड्याकडे वळल्या. मामाला काय कळविलें तें आम्हीं अजून विचारलेलें नाहीं.